आडवे, उभे आणि आजीच्या पाटल्या

माझे आजोबा २००९ साली गेले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यांच्याविषयी मला जे नीट आठवतं, ते बहुतेक सकाळी सात ते आठ या वेळेतलं आहे. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. दाराबाहेर गॅलरीत खुर्ची, मांडीवर पाट, पाटावर घडी घातलेला पेपर आणि कानावर पेन्सिल. पहिल्या पानावरच्या बातम्या ते नंतर वाचायचे. आधी शब्दकोडं.

शेजारच्या खोलीत म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहायचे. त्यांच्याकडेही तोच पेपर यायचा. दोघांचा अलिखित करार होता : साडेसातपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. साडेसातला आजी चहा आणायची आणि मग मास्तरांचा आवाज यायचा, "काय आप्पा, आडवा सात आला का?"

मग जे सुरू व्हायचं, ती खरी करमणूक. एकदा 'गरीब' अशी दोन घरांची आडवी सूचना होती आणि त्याच घरातून 'सूर्य असतो तोवरचा वेळ' असा तीन घरांचा उभा शब्द निघत होता. दीन आणि दिवस. पण पहिल्या घरात वेलांटी कोणती काढायची? मास्तर म्हणाले, "चालतं हो, कोड्यात ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो?" आजोबा भडकले. "मास्तर असून तुम्ही असं म्हणता?" दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं, त्यात ऱ्हस्व 'दि' छापलेला होता. आजोबांनी कोडं रचणाऱ्यालाच नापास केलं आणि त्या विषयावर दोन दिवस चहा थंड झाला.

मी त्यांचा मदतनीस होतो. माझं काम घरं मोजायचं. पण एक गोष्ट मला कधी कळली नाही. एका रविवारच्या पुरवणीत बक्षिसाचं कोडं आलं होतं. कूपन कापून पाठवायचं, सोडत काढून विजेत्याला स्टीलचा डबा की काहीतरी. फुकट होतं, नुसतं पोस्टाचं तिकीट लागणार होतं. मी कात्री घेऊन आलो. आजोबांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि इतकंच म्हणाले, "बक्षिसाचं कोडं आपल्या घरात भरायचं नाही." त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

याचं कारण मला कळलं २०२० साली, आणि ते कळायला मला सत्तावीस हजार रुपये घालवावे लागले.

पाटल्या

नोकरीचं पहिलं वर्ष, घरून काम आणि अमिरातीत चाललेली आयपीएल. मी एका फँटसी क्रिकेटच्या ॲपवर रोज संघ लावत होतो. आधी एकोणपन्नास रुपयांचा एक, मग एकाच सामन्यासाठी वेगवेगळे कर्णधार घेऊन दहा-दहा संघ. एकदा साडेसहाशे रुपये मिळाले आणि त्या दिवसापासून मला हा खेळ येतो असं वाटायला लागलं. नोव्हेंबरात हिशोब केला, तेव्हा आकडा बघून पोटात गोळा आला. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आजीला मात्र कळलं. ती तेव्हा सत्त्याऐंशीची होती, कानाने अधू, पण माणूस रात्री दोनला फोन घेऊन का बसतो हे ओळखायला कान लागत नाहीत.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या आजोबांनी माझ्या पाटल्या घालवल्या होत्या. शब्दकोड्यात."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

गोष्ट १९५४-५५ची. आजोबा गिरणीच्या ऑफिसात कारकून. तेव्हा पैसे भरून सोडवायच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा निघत. प्रत्येक प्रवेशिकेला काही आणे फी, सगळं बरोबर आलं तर मोठं बक्षीस, एक चूक, दोन चुका असतील तर लहान बक्षिसं. आजोबांना अशाच एका स्पर्धेत 'दोन चुका'वाले अकरा रुपये मिळाले आणि पुढचं सगळं त्या अकरा रुपयांनी केलं. पगाराच्या रात्री ते कंदिलाच्या उजेडात एकाच कोड्याच्या चौसष्ट प्रवेशिका भरायचे. चार आण्यांना एक, म्हणजे सोळा रुपये. आजीच्या माहेरच्या पाटल्या सराफाकडे गहाण गेल्या आणि परत आल्या नाहीत.

"पैशाचं नंतर ते विसरले," आजी म्हणाली. "पण एक गोष्ट त्यांच्या मनात राहिली. म्हणायचे, मी चुकलो म्हणतात, पण काय चुकलो ते कुणी सांगत नाही."

आजी पुढच्या वर्षी गेली. तिचं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी त्या काळच्या कोड्यांविषयी वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की आजोबांची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली होती. त्यांची स्वतःची नव्हे, पण तशीच.

खेळ म्हणून सुरुवात

आज आपण ओळखतो ते शब्दकोडं तसं तरुण आहे. २१ डिसेंबर १९१३च्या रविवारी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात ते पहिल्यांदा छापलं गेलं. रचणारे आर्थर विन, मूळचे लिव्हरपूलचे. त्यांचं कोडं शंकरपाळ्यासारखं होतं, मधला भाग रिकामा, काळी घरं नाहीतच. नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छपाईत शब्द उलटे पडले आणि 'क्रॉस-वर्ड' हेच चिकटलं. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत एक पेन्सिल जोडून. अमेरिका अक्षरशः वेडी झाली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी या खेळाला वेळेचा अपव्यय म्हणून झोडपलं आणि १९४२ साली निमूटपणे स्वतःचं कोडं सुरू केलं. लंडनचा 'टाइम्स' १ फेब्रुवारी १९३०लाच शरण आला होता.

चांगलं कोडं म्हणजे खरंच बुद्धीचं काम, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा युद्धातला आहे. जानेवारी १९४२मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने लंडनच्या आपल्या कचेरीत बारा मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा ठेवली. स्टॅनली सेजविक नावाच्या गृहस्थांना एक शब्द कमी पडला आणि वेळ संपली. पण काही आठवड्यांनी त्यांना सैन्याकडून गुप्त पत्र आलं आणि ते ब्लेचली पार्कला जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्यांमध्ये जाऊन बसले.

म्हणजे एकाच खेळाने एका माणसाला ब्लेचली पार्कला नेलं आणि दुसऱ्याला सराफाच्या दुकानात. फरक कुठे पडला? त्यासाठी कोड्याच्या आत शिरावं लागेल.

एक उत्तर की तीन?

रोजच्या कोड्यात समजा सूचना आहे : 'कमळ', तीन घरं. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, राजीव. पाचही शब्द बरोबर, पाचही तीन घरांचे. मग लिहायचं काय? थांबायचं. उभे शब्द सोडवायचे. एका उभ्या शब्दाने मधल्या घरात 'जी' आणून ठेवला की राजीव सोडून बाकीचे चौघे आपोआप बाद. आडव्याने उभ्याची साक्ष काढायची आणि उभ्याने आडव्याची. शेवटी एकच उत्तर उरतं आणि ते का, हे कुणालाही समजावून सांगता येतं.

देवनागरीत ही साक्ष आणखी भक्कम असते. इंग्रजीत एका घरात एक अक्षर. आपल्याकडे एका घरात व्यंजन, काना-मात्रा, जोडाक्षर असं सगळं बिऱ्हाड राहतं. 'क्षत्रिय' हा शब्द तुमच्या फोनच्या दृष्टीने आठ तुकड्यांचा आहे, कोड्यात मात्र तीनच घरं : क्ष, त्रि, य. त्यामुळे मराठी कोडं रचणं कठीण, कारण 'त्रि' असलेला दुसरा शब्द नेमका तिथे बसवावा लागतो. पण सोडवणाऱ्याला एक घर मिळालं तरी खूप मिळतं. दीन-दिवसासारखी भांडणंही त्यामुळेच होतात.

आता पैसे लावायचं कोडं बघा. हे मी स्वतः रचलेलं उदाहरण आहे. सूचना : 'पैसा आला की माणसाला याचा विसर पडतो.' दोन घरं, दुसऱ्या घरात 'न' छापलेला, पहिलं रिकामं. मान? भान? दान? तिन्ही बसतात. आणि ज्या घरात खरा प्रश्न आहे, त्या घरातून उभा शब्द जातच नाही. साक्षीदारच नाही! संयोजकाने 'भान' ठरवून पाकीट बंद केलं असेल, तर 'दान' लिहिणारा चुकला. का चुकला? कारण पाकिटात 'भान' होतं.

अशा दोन-दोन पर्यायांच्या सूचना सहा असतील, तर सगळ्या शक्यता भरायला चौसष्ट प्रवेशिका लागतात. आजोबांच्या चौसष्टचं गणित हे. दहा सूचना असतील तर १,०२४. पंधरा असतील तर ३२,७६८. कारकुनाचा पगार सहा सूचनांपर्यंत पुरायचा आणि कोड्यात सूचना त्याहून जास्त असायच्या. उरलेल्या सूचनांत ते अंदाज करायचे आणि त्या अंदाजाला अभ्यास म्हणायचे. मी कर्णधार बदलून दहा संघ लावायचो, ते काही वेगळं नव्हतं.

इंग्लंडात हा प्रश्न त्याआधीच कोर्टात आला होता. ओडम्स प्रेस या बड्या प्रकाशनसंस्थेच्या शब्दकोडे स्पर्धेविषयीच्या खटल्यात सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी सांगितलं की ही स्पर्धा म्हणजे पैसे भरून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर आंधळेपणाने नेम धरणं आहे. म्हणजे लॉटरीच.

मुंबई राज्य विरुद्ध शब्दकोडं

आपल्याकडे हा वाद मुंबईतून पेटला. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. त्यात एक फट होती : प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धांना तो लागू नव्हता. बंगळूरमधून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची 'आरएमडीसी क्रॉसवर्ड्स' ही स्पर्धा असायची आणि साप्ताहिकाचा मोठा खप मुंबई राज्यात होता. १९५२ साली सरकारने दुरुस्ती करून ही फट बुजवली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिथे जिंकली. मग राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या व्याख्येत शब्दकोडं चक्क नावानिशी आहे. महिन्याला एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसाला बंदी, त्याखालच्या स्पर्धांना परवाना आवश्यक आणि प्रवेशिका दोन हजारांच्या आत. १ एप्रिल १९५६पासून हा कायदा लागू झाला. लाखालाखाची बक्षिसं ज्या धंद्याचा प्राण, त्याचा श्वासच कोंडला. आजोबांच्या चौसष्ट प्रवेशिका कुणाच्या समजावण्याने थांबल्या, असं मी लहानपणापासून धरून चाललो असतो, जर मला ही गोष्ट तेव्हा माहीत असती. आजीच्या मते त्या थांबल्या कारण "ते सरकारने बंद केलं."

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. पहिल्यात सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्यापुढे प्रश्न होता : घटनेने दिलेलं धंद्याचं स्वातंत्र्य या कोड्याला आहे का? त्यांनी स्पर्धेची रीत तपासली. आधीच ठरवून बंद केलेल्या उत्तराशी ज्याचं उत्तर जुळेल तो विजेता, मग त्याचं कारण काहीही असो. त्यात कौशल्याचा वाटा नावापुरता. म्हणून हा जुगार, आणि जुगार हा घटनेने जपायचा धंदा नव्हे. हे सांगताना त्यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत आणि स्मृतींपर्यंत दाखले दिले. सगळं द्यूतात हरून बसलेला, घरच्यांनी दूर केलेला माणूस वेदातही आहे, हे मला हा निकाल वाचताना कळलं.

दुसऱ्या निकालात, न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी १९५५च्या कायद्याचा आवाका ठरवला. जिथे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, अशा स्पर्धा जुगारात मोडत नाहीत. हा कायदा फक्त जुगारी स्पर्धांपुरता. म्हणजे न्यायालयाने शब्दकोड्याचे दोन तुकडे केले. एक खेळ, एक जुगार. दोन्हींची घरं सारखीच काळी-पांढरी.

हे निकाल वकिलांच्या पुस्तकात धूळ खात पडले नाहीत. रमी कौशल्याचा खेळ आहे का, यावर १९६७ साली निकाल आला. घोड्यांच्या शर्यतीविषयी १९९६ साली. २०१७ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ म्हटलं. या सगळ्या वाटेवर ती १९५७ची मोजपट्टी वापरली गेली. म्हणजे मी ज्या ॲपवर पैसे घालवले, त्याला दार उघडून दिलं ते आजोबांच्या काळातल्या कोड्याने. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. त्यालाही आव्हान दिलं गेलं आहे. वाद सत्तर वर्षांचा होत आला, संपलेला नाही.

"का?" विचारता येतं का

मी वकील नाही. कौशल्य किती टक्के आणि नशीब किती, हे मला मोजता येत नाही. क्रिकेट मला कळतं आणि तरी मी हरलो, एवढंच मला ठाऊक आहे. पण आजीने सांगितलेल्या त्या वाक्यात मला कोर्टाच्या मोजपट्टीहून सोपी मोजपट्टी सापडते. उत्तर कळल्यावर मला 'का?' असं विचारता येतं का? आणि त्याचं उत्तर मिळतं का?

गॅलरीतल्या त्या चहाचा अर्थ मला आता लागतो. आजोबा आणि मास्तर कोडं सोडवायला जितका वेळ द्यायचे, त्याच्या दुप्पट त्यावर बोलायला द्यायचे. 'राजीव' का आणि 'सरोज' का नाही. हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहे की नाही. रचणाऱ्याने सूचना सैल लिहिली की आपलं डोकं सैल पडलं. दुसऱ्या दिवशी छापलेलं उत्तर ते मान्य करायचे किंवा कारण देऊन नाकारायचे. दिवसभर गिरणीच्या वह्यांमध्ये मान घालून बसलेल्या आणि पाटल्या घालवल्याचं ओझं पाठीवर असलेल्या माणसाला, आपण कुठे चुकलो हे रोज सकाळी कुणीतरी स्पष्ट सांगत होतं. त्याची किंमत पेपराएवढी होती.

आजी त्या तासभरात कधी त्यांच्या आड आली नाही. उलट साडेसातला चहा तिनेच ठरवून दिला होता. मी तिला विचारलं होतं, "आजी, तुला राग नाही यायचा? परत शब्दकोडंच?" ती म्हणाली, "अरे, हे सोडवताना ते माझ्याशी बोलायचे. ते भरताना पाठ करून बसायचे."

मी ॲप काढून टाकलं, त्याला आता पाच वर्षं झाली. सत्तावीस हजार परत आले नाहीत, पाटल्याही नाहीत. रविवारी सकाळी मी बाबांना फोन करतो. दोघांकडे तोच पेपर असतो, त्यांच्याकडे कागदावर, माझ्याकडे फोनवर. साडेसातपर्यंत कुणी कुणाला काही सांगायचं नाही, हा नियम ठेवला आहे. गेल्या रविवारी 'उभा अकरा'वरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. बाबांचं म्हणणं चूक आहे. का, ते मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं आहे.